ठाणेदारबाईंना कुणी तपासलं नाही

ठाणेदारबाईंना हळू बोलता येत नसे. शेताच्या एका धुऱ्यावरून पलीकडच्या धुऱ्यावरच्या माणसाला हाक मारावी, तसं त्या शेजारी बसलेल्या माणसाशी बोलत. आणि माझी त्यांची ओळख झाली ती जागा कुजबुजीची होती. अकोल्यातलं एक केंद्र, जिथं एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात. तिथं येणारा प्रत्येक जण आपण चुकून इथं आलोय असा चेहरा करून बसतो. बाया डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढतात, पुरुष मोबाईलमध्ये डोकं घालतात, आणि नाव पुकारलं गेलं की लोक असे उठतात जणू दुसऱ्याच कुणाचं नाव घेतलं.

मी अमरावतीची. नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यात शिलाईवर आहे. अमरावतीतही गोळ्या मिळतात, पण तिथं कारखान्यातलं कुणी दिसेल या भीतीनं मी रजा टाकून अकोल्याकडची गाडी धरायचे. पहिल्याच खेपेला मी बाकाच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसले होते. मागून आवाज आला.

"काहून वं, भिंतीकडं तोंड करून काहून बसली? भिंतीलेबी एचआयव्ही हाय का?"

सगळ्या खोलीनं ऐकलं. मला वाटलं आता उठून निघून जावं. पण कोपऱ्यातली एक म्हातारी फिसकन हसली, तिच्या शेजारची हसली, आणि मग मीही हसले. आजार कळल्यापासून मी पहिल्यांदाच हसत होते. तेवढ्यानं त्या बाईंनी मला ताब्यात घेतलं. "सरक," म्हणाल्या, आणि शेजारी बसून भाकरीचं फडकं सोडलं.

ठाणेदार हे नाव त्यांच्या शेतातल्या मजूर बायांनी ठेवलेलं. अकोटजवळच्या एका खेड्यात त्यांची काळी जमीन होती. कापूस वेचायच्या दिवसांत कमरेवर हात ठेवून त्या कपाशीच्या ओळीच्या टोकाला उभ्या राहत आणि कुणाच्या ओटीत पाला-काडी येते ते तिथूनच सांगत. नवरा वरूडच्या एका संत्रा व्यापाऱ्याकडे कामाला होता, मालाच्या गाड्यांबरोबर दूर उत्तरेला जायचा. तो आजारी पडला तेव्हा दोघांचं रक्त तपासलं, आणि दोघांचंही तसंच निघालं. पुढं तो गेला. मूलबाळ नव्हतं. त्या सांगायच्या, "मानूस गेला तं रोग ठेवून गेला अन् वावर ठेवून गेला. रोगात हिस्सा मांगाले कोनी आलं नाई, वावरात आलं."

हिस्सा मागायला आले ते दीर. जाऊबाईंनी त्याच सुमारास त्यांचा पाण्याचा ग्लास वेगळा काढला, त्याला खिळ्यानं खूण केली. ठाणेदारबाईंनी तो दिवस आम्हाला कितीदा तरी सांगितला असेल, आणि दर वेळी सांगताना त्यांचे गाल लाल व्हायचे. त्या मांडणीपुढं उभ्या राहिल्या. घरातला एकेक ग्लास माठात बुडवला, एकेक घोट प्यायल्या आणि होता तिथं ठेवून दिला. सासूचा, दिराचा, जावेचा, पाहुण्यांचासुद्धा. मग म्हणाल्या, "आता काढा वेगळे." ग्लास फेकून देणं काही परवडणारं नव्हतं. खुणेचा ग्लास दुसऱ्या दिवशी आपोआप नाहीसा झाला. जमिनीचा वाटाही त्यांनी तसाच, भांडून घेतला.

त्या नेहमी बरोबरच असत असं मी म्हणणार नाही. रागाला त्यांच्याकडे मुहूर्त लागत नसे आणि नेमही नसे. एकदा गोळ्या आल्या नव्हत्या म्हणून त्यांनी खिडकीतल्या पोराला असं फैलावर घेतलं की त्या बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात त्याचा काही दोष नव्हता, गाडीच वरून आली नव्हती. मी तसं सांगितलं तर म्हणाल्या, "मंग वरच्याले आनून बसव खिडकीत, त्याले बोलतो." माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पुढच्या खेपेला मात्र तुरीच्या शेंगांची पिशवी त्या खिडकीवर ठेवून, त्याच्याकडे न बघता निघून आल्या.

गोळ्यांच्या बाबतीत त्या कडक होत्या. वेळ चुकवायच्या नाहीत, कुणाला चुकवू द्यायच्या नाहीत. त्यांच्या रक्तातला विषाणू वर्षानुवर्षं इतका दबलेला होता की तपासणीत सापडत नसे. केंद्रातले डॉक्टर नव्या बायांना त्यांचं उदाहरण देत. "ह्यांच्याकडे बघा," म्हणत. बघा म्हणत, आणि स्वतः कधी नीट बघत नसत. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मलाही ते दिसलं नव्हतं. दर खेपेला वजन होई, खोकला आहे का, ताप आहे का विचारत, रक्त घेत. कमरेखालचं शरीर आम्ही जणू घरी ठेवून येत होतो. त्या भागाबद्दल एकच प्रश्न असे, निरोध वापरता का. तो विधवेलाही विचारत.

एका उन्हाळ्यात ठाणेदारबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि गप्प राहिल्या. मी बरं नाही का विचारलं. त्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं, मग माझ्या कानाशी तोंड आणलं.

"पांढरं जाते मले. लय दिवसांचं. वास येते. पाळी जाऊन वर्सं झाली, पन आता मधामधात लालबी दिसते."

मला त्या शब्दांपेक्षा त्या आवाजाची भीती वाटली. ज्या बाईनं भरल्या खोलीत एचआयव्हीचं नाव घेतलं, तिला हे कुजबुजून सांगावं लागत होतं. एवढी लाज कुणी शिकवली असेल हिला? सगळ्यांनीच. मलाही तीच शिकवली होती.

मी म्हटलं, "ताई, दाखवलं का कुठं?"

दाखवलं होतं. दाखवून दाखवून त्या थकल्या होत्या. पहिल्या खासगी डॉक्टरनं आजाराचं ऐकल्याबरोबर खुर्ची मागं घेतली आणि लांबूनच गोळ्या लिहिल्या. दुसरी बाई डॉक्टर होती. तिनं सांगितलं, "तुमच्या आजारात हे असं चालायचंच." तिसऱ्या ठिकाणी नर्सनं टेबलावर चादर अंथरली, यांना पायऱ्या चढून झोपायला लावलं, आणि तेवढ्यात डॉक्टरनं त्यांचा कागद पाहिला. "आज मशीन बंद आहे," तो म्हणाला. त्या उतरल्या, लुगडं नीट केलं आणि बाहेर आल्या. बाहेर येऊन चपला घालेपर्यंत त्यांच्यामागची बाई त्याच टेबलावर गेली होती.

"मशीन कायची असते वं?" त्यांनी मला विचारलं. "पाहाले मशीन लागते का?"

कारखान्यातलं कुणी दिसलं तर दिसलं, असं म्हणून मी त्यांना अमरावतीला घेऊन गेले. तिथल्या एका सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, त्या कुणाला घालवून देत नाहीत असं कारखान्यातल्या एकीकडून मी ऐकलं होतं. त्यांनी आजार ऐकला, मान डोलावली, हातमोजे चढवले आणि म्हणाल्या, "या मावशी, झोपा." बस, एवढंच. जे इतके महिने कुणाला जमलं नाही, ते दिव्याच्या उजेडात लगेच होऊन गेलं. आतून बाहेर आल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला होता. तुकडा काढून तपासायला पाठवला. उत्तर आलं ते त्यांना आधीच ठाऊक होतं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, आणि तो पिशवी सोडून बाजूला पसरलेला.

ठाणेदारबाईंनी विचारलं, "हे एचआयव्हीनं होते का?"

"थेट नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा दुसराच एक विषाणू असतो. एचपीव्ही म्हणतात. संबंधातून येतो. बहुतेक बायकांच्या अंगात कधी ना कधी शिरतो आणि बहुतेकींच्या अंगातून आपोआप निघून जातो. तुमच्या आजारात शरीराला तो हाकलणं जड जातं. मग तो पिशवीच्या तोंडाशी ठाण मांडतो आणि हळूहळू तिथली कातडी बिघडवत राहतो. कॅन्सर व्हायला वर्षं लागतात. म्हणून तर एचआयव्ही असलेल्या बाईला काही त्रास नसला तरी तपासायचं असतं, आणि ठरावीक काळानं पुन्हा तपासायचं असतं."

"मले तं कोनी तपासलं नाई."

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उचलून फाइलीत ठेवला.

"मंग आदी पाह्यलं असतं तं?"

"तर बिघडलेला तेवढा भाग काढून टाकता आला असता," त्या म्हणाल्या. त्यांनी खोटं सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. "इथवर आलं नसतं."

मला वाटलं आता ठाणेदारबाई ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. "आता तू झोप टेबलावर," म्हणाल्या.

मी म्हटलं, मला काही त्रास नाही. पुढच्या वेळी बघू. आज तयारीनं आले नाही. त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि दार लावून बाहेर उभ्या राहिल्या. माझी तपासणी झाली. व्हिनेगरसारखं एक औषध लावून डॉक्टर थोडं थांबतात आणि बघतात. बिघडलेला भाग पांढरा पडतो. माझा पांढरा पडला. तुकडा तपासला, कॅन्सर नव्हता, त्याच्या आधीची पायरी होती. मग एके दिवशी शेक देऊन तो भाग जाळला. पोटात कळ आल्यासारखं झालं आणि संपलं. दवाखान्याचा जिना चढताना मी धैर्य गोळा करत जेवढा वेळ उभी होते, तेवढाही वेळ लागला नाही.

बाहेर ठाणेदारबाई होत्या. "झालं? जाळलं?" मी हो म्हटलं. "बेस झालं." मग त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्यांच्या वाट्याला न आलेली ती एवढीशी कळ मला मिळाली होती, आणि तिच्या जिवावर मी जगणार होते. त्यांना माझा राग आला असेल का, कोण जाणे. आला असता तरी तो मला मान्य होता.

नागपूरला त्यांचे उपचार सुरू झाले. किरणं, सलाईनमधून औषध, मग आत नळी ठेवून आतूनही किरणं. जुलाबांनी त्या पिळून निघाल्या. लघवीला बसताना भिंत धरत आणि दातओठ खात. तिथंही एचआयव्हीच्या गोळ्यांची वेळ त्यांनी चुकवली नाही. वजन उतरलं, आवाज मात्र परत आला, आणि परत आला तो धार लावून.

घरी आल्यावर पहिलं काम त्यांनी केलं ते मशीन बंद असलेल्या त्या दवाखान्यात जाण्याचं. मला सोबत नेलं. प्रतीक्षेच्या खोलीत बाया बसल्या होत्या, ठाणेदारबाई त्यांच्यामध्ये जाऊन बसल्या आणि आपल्याला काय झालं, का झालं, कुणी टेबलावरून उतरवलं, सगळं त्या बायांना सांगू लागल्या. आतून डॉक्टर आला. "आत या, आत बोलू," म्हणाला.

"आत मशीन बंद असते तुमची. इथंच बोला."

तो उभा राहिला. बायांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि आत जाऊन दार लावून घेतलं. एवढंच झालं. तो दवाखाना आजही चालतो, बाहेर गर्दी असते. हे वाचणाऱ्यांना पुढं त्याला शिक्षा झाली असं काही ऐकायचं असेल तर माझ्याकडे तसं सांगायला काही नाही.

मग त्या केंद्रात आल्या. त्या दिवशी खोली भरलेली होती. खुर्चीला धरून त्या मध्यभागी उभ्या राहिल्या.

"बायांनो, तोंडं वर करा. कोनाकोनाले पांढरं जाते, अंगावर लाल जाते, कंबर दुखते, हात वर करा."

समुपदेशन करणाऱ्या मॅडम धावत आल्या. "ताई, हळू. इथं पुरुष बसलेत."

"मानसं बाहेर जाऊन चा पिऊन या."

पुरुष खरोखरच उठून गेले. बायांतून कुणी हात वर केला नाही. तेव्हा ठाणेदारबाईंनी स्वतःचा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. आजारानं तो काटकीसारखा झाला होता. थोड्या वेळानं कापू लागला. मला बघवेना, मी माझा वर केला. मग कोपऱ्यातल्या एका कोवळ्या सुनेनं पदराआडून बोटं वर केली. मग तिच्या सासूनं. मग खोलीत हातच हात झाले, आणि मॅडम दारात उभ्या राहून ते बघत होत्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना हे विचारायला कुणी सांगितलंच नव्हतं, असं त्या पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या.

"आता तं सांगतलं ना," ठाणेदारबाई म्हणाल्या. "अन् ज्यांनी हात वर नाई केला, त्यायलेबी तपासा. आदी काईच दुखत नाई. हिलेबी दुखत नव्हतं." आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

त्यानंतर दर मंगळवारी केंद्रातून बाया तिथल्याच सरकारी दवाखान्यात तपासणीला जाऊ लागल्या. त्यांतल्या काहींचा भाग माझ्यासारखाच पांढरा पडला आणि वेळेत जाळला गेला. लोक या गोष्टीचं कौतुक करतात तेव्हा माझं डोकं फिरतं. नवीन काय आणलं तिथं? टेबल होतंच. दिवा होता. हातमोजे होते, औषध होतं, तपासायचं असा नियमही होता म्हणतात. फक्त एचआयव्ही असलेल्या बाईला पाय फाकवून झोपवायचं आणि वाकून बघायचं, एवढं करणारा माणूस नव्हता. त्याची सोय व्हायला एका बाईला मरणाच्या दारातून येऊन हात वर धरावा लागला.

शेवटचं भांडण त्यांनी घरातच केलं. दिराची मुलगी शाळेत जाणारी. मुलींना एचपीव्हीची लस देतात हे त्यांना डॉक्टरीणबाईंकडून कळलं होतं. दीर म्हणाला, "आपल्या पोरीले कायले ती लस? ते काय तशी हाय?"

"मी तशी होती?" ठाणेदारबाईंनी विचारलं.

दीर उठून ओसरीवर गेला. त्या जावेला म्हणाल्या, "माह्यावर राग हाय तं माह्यावर ठेव. पोरीवर कायले काढतं?" पुढच्या आठवड्यात जाऊबाई मुलीला घेऊन गेल्या आणि लस टोचून आणली.

आजार उलटला. पायाला सूज आली, लघवी अडू लागली. मी शेवटची भेटले तेव्हा त्या खाटेवर होत्या आणि खोलीत वास कोंडला होता. त्यांना तो कळत होता. मी जवळ बसले तर म्हणाल्या, "दूर बस, घान वास येते." मी तिथंच बसून राहिले. मग म्हणाल्या, "मले मराचं दुःख नाई वं. नवरा गेला तेव्हाच मी धरून चालली होती का जाईन. पन मी जगली ना. गोळ्या खाऊन खाऊन जगली. त्या मोठ्या रोगाले मी दाबून ठेवलं अन् ज्याले कोनी पाह्यलं नाई त्यानं नेलं. ह्याचा राग येते मले." बोलताना दम लागत होता, तरी शेजारच्या घरात ऐकू जाईल असंच बोलल्या.

त्या वारल्याचं जाऊबाईंनी मला फोन करून कळवलं. तेरवीला गेले. मांडवात गावातली माणसं जेवत होती आणि माझ्या मागच्या पंगतीत कुणी तरी म्हणालं, "एड्सनं गेली बिचारी." दुसऱ्यानं मान हलवली, "त्या रोगात कोनी वाचत नाई."

मी ताटावरून उठले. आयुष्यात कधी बोलले नव्हते अशा आवाजात बोलले. म्हटलं, एड्सनं नाही गेली. माझ्यातही तोच विषाणू आहे, मी तुमच्यापुढं उभी आहे. तिचा विषाणू दबलेला होता. ती कॅन्सरनं गेली, आणि तो कॅन्सर थांबवता येत होता. तिला डॉक्टरांनी बघितलं नाही म्हणून ती गेली. जेवणारे हात थांबले. दिरानं माझ्याजवळ येऊन हात जोडले, "बाई, गेल्या मानसाचं आता कायले काढता?" मी म्हटलं, गेल्या माणसाचंच काढायचं असतं, राहिलेली माणसं काढू देत नाहीत. मग तिथं थांबण्यात अर्थ नव्हता. मी चपला घातल्या आणि फाट्यावर एसटीसाठी जाऊन उभी राहिले. त्या घराचं परत तोंड पाहायचं नाही असं मी ठरवलं होतं.

तेवढ्यात जाऊबाई येताना दिसल्या. भरभर चालत, पदर सावरत. मला वाटलं भांडायला आल्या. त्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, रस्त्याकडे बघत.

"मले काई तो रोग नाई," त्या म्हणाल्या. "पन मलेबी पांढरं जाते. तिच्यासारखंच. घरात कोनाले सांगतलं नाई."

मी त्यांच्याकडे पाहिलं. खिळ्यानं खूण करणारी बाई हीच. मला राग येत होता आणि तो खोटा नव्हता. पण ठाणेदारबाईंनी ज्या मुलीसाठी भांडण केलं, ती हिचीच होती.

बस वळणावर दिसू लागली. मी म्हटलं, "मंगळवारी अकोल्याला या. मी स्टँडवर थांबते. आत माझ्यासमोर तपासतील, आणि नाही म्हणाले तर मी बघते."

त्यांनी मान डोलावली. मग घाबरत विचारलं, "नाई म्हनतीन का?"

"म्हणू देत," मी म्हटलं, आणि बसमध्ये चढले.